पाटपाणी आणि हिवताप : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके हिवतापाच्या नकाशावर ठळकपणे दिसणारे नाहीत. महाराष्ट्रात या रोगाचा विषय निघाला की गडचिरोलीची जंगले आणि बृहन्मुंबईतील बांधकामे यांची नावे प्रथम येतात, आणि ते योग्यही आहे, कारण राज्यातील रुग्णसंख्येचा मोठा वाटा गेली अनेक वर्षे या दोन ठिकाणांकडेच राहिला आहे. तथापि रोग जेथे उदंड आहे तेथेच त्याचा अभ्यास करावा, ही समजूत हिवतापाच्या बाबतीत अपुरी ठरते. रोगाचे प्रमाण जेथे खाली आले आहे, परंतु तो पसरविणारा डास, त्या डासाला वाढू देणारे पाणी आणि परजीवी अंगात घेऊन येणारा माणूस हे तिन्ही घटक जेथे अजून शिल्लक आहेत, तेथे नियंत्रणाचे काम कसे चालावे, हा प्रश्न वेगळा आणि काही अंशी अधिक अवघड आहे. कारण तेथे लोकांना रोगाची भीती राहिलेली नसते, शासनाला निकड वाटत नसते आणि कर्मचाऱ्यांना रोज नकारार्थी निघणाऱ्या रक्तनमुन्यांत अर्थ दिसेनासा होतो. शिरूर आणि दौंड यांचा विचार येथे या दृष्टीने केला आहे.

या दोन तालुक्यांतील हिवतापाचा प्रश्न समजून घ्यायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. सह्याद्रीच्या ओळीपासून दूर गेलेला हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. वर्षभराचा पाऊस साधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि अवर्षणप्रवण तालुक्यांच्या यादीत दोघांचीही नावे जुनी आहेत. केवळ पावसाचा हिशेब धरला तर येथे डासांना फार तर जून ते ऑक्टोबर एवढाच हंगाम मिळायला हवा. प्रत्यक्षात मात्र या प्रदेशातील बरेचसे पाणी पावसाने येथे पडलेले नसून माणसाने येथे आणलेले आहे. खडकवासल्याहून निघणारा उजवा कालवा हवेली ओलांडून दौंडमधून इंदापूरकडे जातो. चासकमानचा डावा कालवा खेडमधून शिरूरमध्ये उतरतो. घोड नदीवर शिरूर तालुक्यात चिंचणी येथे धरण आहे. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव ब्रिटिश अमदानीपासूनचा आहे. आणि उजनी धरणाचा फुगवटा दौंडच्या पूर्वेकडील खानोटा, राजेगाव या गावांपर्यंत पोहोचतो. यांशिवाय भीमा आणि घोड या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ज्यांचे ढापे पावसाळा संपताना बसवले जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढले जातात.

या पाण्याने ऊस आणला, ऊस आला तशी गुऱ्हाळे आणि साखर कारखानदारी आली, आणि कोरडवाहू बाजरीच्या मुलखाचे रूप पालटले. त्याच पाण्याने डासांच्या हंगामाचे वेळापत्रकही बदलले. कालव्याला आवर्तन सुटते, म्हणजे ठरावीक दिवस पाणी सोडले जाते आणि नंतर बंद केले जाते, तेव्हा चारी आणि पोटचाऱ्यांच्या तळाशी, दाराच्या गळतीखाली, कालव्यालगतच्या मातीच्या खड्ड्यांत पाणी साचून राहते. भरधाव वाहणाऱ्या पाण्यात डासाची अळी तग धरत नाही. वाहणे थांबले, ऊन लागले आणि कडेला गवत किंवा शेवाळ आले की तेच पाणी तिला सोयीचे होते. म्हणून या भागात पावसाळ्यानंतरच्या महिन्यांइतकेच रब्बी व उन्हाळी आवर्तनांनंतरच्या आठवड्यांकडेही लक्ष ठेवणे आवश्यक असते. उजनीचा फुगवटा उन्हाळ्यात मागे सरकतो तेव्हा उघड्या पडलेल्या काठावर गुरांच्या खुरांनी झालेल्या खळग्यांत साचणारे पाणी हा याच प्रकारचा, परंतु सहज नजरेआड होणारा भाग आहे.

हिवताप म्हणजे प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा ताप. माणसाला होणाऱ्या प्रकारांपैकी भारतात दोन प्रमुख आहेत : व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. पहिला सहसा जीव घेत नाही, पण पुनःपुन्हा उलटतो. दुसरा उलटत नाही, पण वेळेत उपचार न झाल्यास मेंदू, मूत्रपिंड यांसारखी इंद्रिये निकामी करून मृत्यू घडवू शकतो. अ‍ॅनोफिलीस जातीची मादी चावली म्हणजे तिच्या लाळेतून परजीवी रक्तात शिरतो, तासाभराच्या आत यकृतात जातो, तेथे वाढतो आणि साधारण आठवड्याभराने तांबड्या पेशींत उतरतो. पेशी एकाच वेळी फुटू लागल्या की हुडहुडी भरते, अंग तापते आणि शेवटी दरदरून घाम येऊन रोगी मोकळा होतो. दिवसाआड येणारी ही पाळी अनेक रुग्णांत सुरुवातीच्या दिवसांत नियमित दिसतही नाही, त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान करण्याची जुनी सवय धोक्याची ठरते. रक्तात परजीवीची नर-मादी रूपे तयार झाली आणि ती पुन्हा डासाच्या पोटात गेली, की डासाच्या शरीरात त्याची पुढची वाढ होते. उबदार हवेत या वाढीला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि तापमान १६ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर ती जवळपास थांबते. डासाचे आयुष्यही काही आठवड्यांचेच असल्यामुळे रोग पसरवायला त्याला हे दिवस पार करून जगावे लागते. घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारण्याचा सारा तर्क या एका बाबीवर उभा आहे : प्रत्येक डास मारणे शक्य नसले तरी त्याला म्हातारे होऊ न देणे शक्य असते.

ही साखळी उलगडण्याचा मोठा भाग भारतात घडला. आल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी वैद्याने १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अ‍ॅनोफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीवर त्याची वाढ पाहिली आणि पुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांमधील हिवतापावर काम करून संक्रमणाचा मार्ग दाखवून दिला. मुंबई इलाख्यात चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने मुंबई शहरातील हिवतापाचा संबंध विहिरींशी आणि त्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सीशी जोडला. त्या अहवालाचे महत्त्व शहरापुरते नाही. दलदल नसलेल्या जागीही, माणसाने पिण्यासाठी राखलेल्या स्वच्छ पाण्यात हिवताप पोसला जाऊ शकतो, हे त्याने दाखवले. दौंडसारख्या जंक्शनच्या गावातील इमारतींवरच्या टाक्या किंवा कुरकुंभ, रांजणगाव, सणसवाडी येथील औद्योगिक वसाहतींतील साठवणीच्या टाक्या पाहताना याच निष्कर्षाचा आधार घ्यावा लागतो.

अ‍ॅनोफिलीसच्या भारतात आढळणाऱ्या अनेक जातींपैकी मोजक्याच हिवताप पसरवतात. ग्रामीण दख्खनमध्ये त्यांतील मुख्य म्हणजे अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस. कालव्याच्या चाऱ्या, नदीपात्रातील डबकी, वापरात नसलेल्या विहिरी, गुरांसाठी बांधलेले हाळ अशा स्वच्छ, उन्हातल्या पाण्यात तो अंडी घालतो आणि दिवसा प्रामुख्याने गोठ्यात विसावतो. त्याला माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पसंत असते, त्यामुळे तो फारसा कार्यक्षम वाहक नाही. परंतु संख्येने इतका वाढतो की त्यातील थोडेच डास माणसाला चावले तरी ग्रामीण भारतातील हिवतापाचा मोठा हिस्सा त्याच्याच वाट्याला जातो. या एका नावाखाली प्रत्यक्षात पाच भगिनी-प्रजाती, म्हणजे दिसायला सारख्या पण आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या जाती, येतात आणि त्यांतील ‘बी’ ही हिवतापाची दुबळी वाहक मानली जाते. त्यामुळे गोठ्यात सापडलेल्या डासांच्या केवळ संख्येवरून गावाचा धोका ठरवता येत नाही.

पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा दौंडच्या हद्दीतून वाहत जाऊन रांजणगाव सांडस व वाळकीच्या परिसरात भीमेला मिळते. जलपर्णीने भरलेल्या या पात्रालगतच्या गावांत संध्याकाळी डासांचे थवे उठतात आणि तक्रारीही तेथूनच अधिक येतात. पण घाण पाण्यात वाढणारे हे डास बहुतांशी क्युलेक्स जातीचे असतात. ते झोप उडवतात आणि हत्तीरोगासारखा रोगही पसरवू शकतात, मात्र हिवताप पसरवत नाहीत. उलट ज्या वस्तीवर डास फारसे जाणवत नाहीत, तेथील स्वच्छ पाण्याच्या हौदात अ‍ॅनोफिलीस वाढत असू शकतो. लोकांना होणारा त्रास आणि रोगाचा धोका या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्यामुळे, तक्रार आली की धुराचे यंत्र फिरवायचे आणि काम झाले असे समजायचे, ही ग्रामपंचायतींची सर्वसाधारण रीत हिवतापाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात. पाण्यातील अळ्या शाबूत राहतात आणि आठवड्याभरात नवी पिढी बाहेर पडते.

अळी ओळखणे अवघड नाही. पांढऱ्या एनॅमलच्या पळीने हौदाच्या कडेचे पाणी हलकेच उचलले आणि क्षणभर स्थिर धरले, तर क्युलेक्सची अळी डोके खाली आणि श्वासनळी वर करून तिरकी लोंबकळताना दिसते, तर अ‍ॅनोफिलीसच्या अळीला अशी नळी नसल्याने ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. सावली पडताच दोन्ही वळवळत तळाकडे जातात आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतात. अंड्यापासून उडता डास होण्यास अनुकूल हवेत आठ ते बारा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करून ठेवावीत, म्हणजेच ‘कोरडा दिवस’ पाळावा, या सूचनेमागे हे साधे गणित आहे. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या वाडीत मात्र ही सूचना जशीच्या तशी पाळता येत नाही, कारण तेथे साठवलेले पाणी ओतून देणे म्हणजे पुढच्या दोन दिवसांची तहान ओतून देणे असते. अशा घरी पिंपाला व टाकीला घट्ट झाकण किंवा जाळीदार कापड लावणे, न वापरत्या हौदात गप्पी मासे सोडणे, आणि आवश्यक तेथे आरोग्य कर्मचाऱ्यांकडून टेमिफॉस हे अळीनाशक ठरावीक प्रमाणात टाकून घेणे, हे मार्ग अधिक व्यवहार्य ठरतात. दोन तालुक्यांतील कोरडी गावे आणि बागायती गावे यांना एकच पत्रक वाटून भागत नाही, ते यासाठीच.

नियंत्रणाचा इतिहास पाहिला तर मुंबई राज्य या कामात आघाडीवर होते. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ पासून तत्कालीन मुंबई प्रांतातील कारवार आणि धारवाड भागांत डीडीटीच्या फवारणीचे मोठे प्रयोग झाले आणि त्यांच्या यशाने देशव्यापी योजनेला बळ मिळाले. राज्यातील हिवतापावरचा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिळालेल्या यशाने उमेद वाढून १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६१ पर्यंत देशातील नोंदलेली रुग्णसंख्या सुमारे ५० हजारांवर आली. त्यानंतर मात्र ती पुन्हा वाढत गेली आणि १९७६ मध्ये ६४ लाखांच्या पुढे पोहोचली.

ही पीछेहाट का झाली, याचे उत्तर केवळ डासांच्या प्रतिकारशक्तीत शोधणे अपुरे आहे. डीडीटीला न जुमानणारा क्युलिसिफेसीस १९५९ मध्ये पंचमहाल जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या द्वैभाषिक मुंबई राज्यातच, आढळला होता, आणि पुढे महाराष्ट्र व गुजरातमध्ये इतर कीटकनाशकांनाही तो दाद देईनासा झाला. परंतु त्याबरोबरच कीटकनाशकांचा पुरवठा वेळेवर होत नव्हता, शहरांतील हिवताप १९७१ पर्यंत स्वतंत्र योजनेच्या कक्षेबाहेर राहिला होता, आणि मुख्य म्हणजे रुग्ण कमी झालेल्या जिल्ह्यांतील घरोघरची पाहणी ज्या आरोग्ययंत्रणेने पुढे चालवायची होती, ती यंत्रणा तेवढी सिद्ध झालेली नव्हती. श्रीलंकेतही असेच घडले : १९६३ मध्ये तेथे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले, फवारणी थांबली, दक्षता सैल झाली, आणि १९६८-६९ मध्ये लाखो लोक पुन्हा हिवतापाने आजारी पडले. दोन्ही देशांच्या अनुभवाचा सारांश एकच निघतो : रुग्णांची संख्या कमी होणे हा कामाचा शेवट मानला गेला, की रोग परततो. १९७७ च्या सुधारित कृतियोजनेने भारतात निर्मूलनाचे ध्येय तात्पुरते बाजूला ठेवून मृत्यू रोखणे व प्रसार आटोक्यात आणणे यांवर भर दिला. पुढे श्रीलंकेने मात्र हा धडा पुरता घेतला आणि २०१६ मध्ये हिवतापमुक्त देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळवले.

दक्षता या शब्दाचा प्रत्यक्षातला अर्थ म्हणजे रक्तनमुना. आरोग्य सेवक किंवा आशा कार्यकर्ती घरी येऊन कोणाला ताप आहे वा येऊन गेला काय, हे विचारते. होकार मिळाला तर अनामिकेच्या टोकाला टोचून काचपट्टीवर एक जाड आणि एक पातळ असे रक्ताचे लेप घेते, आणि पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवली जाते. तेथे प्रयोगशाळा तंत्रज्ञ तिला जेएसबी हे रंगद्रव्य लावतो, जे भारतीय मलेरिया संस्थेतील जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तयार केले असून स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे आजही सरकारी प्रयोगशाळांत रुळलेले आहे. जाड लेपाची किमान शंभर क्षेत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ‘परजीवी नाही’ असा शेरा देऊ नये, असा नियम आहे. परजीवी आढळलाच तर पातळ लेपावरून त्याचा प्रकार ठरतो, आणि फाल्सिपेरमची चंद्रकोरीसारखी नर-मादी रूपे त्या वेळी चटकन ओळखू येतात. या साऱ्या खटाटोपातून दोन आकडे निघतात : दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात सापडलेले रुग्ण, म्हणजे वार्षिक परजीवी निर्देशांक, आणि वर्षभरात लोकसंख्येच्या किती टक्के लोकांचे रक्त तपासले गेले, म्हणजे वार्षिक रक्तसंकलन प्रमाण. दुसरा आकडा घसरला की पहिलाही आपोआप घसरतो. शिरूर वा दौंडसारख्या तालुक्याचा निर्देशांक कमी दिसला तर रोग कमी आहे की शोध कमी आहे, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच सांगता येते. परजीवी निर्देशांक एकटा वाचणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

या पद्धतीला सर्वांत मोठे छिद्र खासगी दवाखान्यांत पडते. तापाचा रुग्ण आधी गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे जातो, तेथे रक्त न तपासताच हिवतापाच्या गोळ्या व सलाईन दिले जाते, आणि दोन दिवसांनी शासकीय केंद्रात नमुना घेतला गेला तर त्यात परजीवी सापडत नाही. रुग्ण बरा होतो, पण त्याची नोंद होत नाही आणि त्याच्या घराभोवतीचा संसर्ग शोधला जात नाही. व्हायव्हॅक्सच्या बाबतीत तर तो पुरता बराही झालेला नसतो. या परजीवीची काही रूपे यकृतात सुप्तावस्थेत राहतात आणि आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा जागी होतात. क्लोरोक्विनने रक्तातील परजीवी तीन दिवसांत नाहीसा होतो, परंतु यकृतातील सुप्त रूपांसाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा क्रम पूर्ण करावा लागतो. ताप उतरल्यावर अकरा दिवस गोळ्या घेत राहणे रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला निरर्थक वाटते, आणि औषध अर्धवट सुटते. गर्भवती, तान्ही मुले आणि जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असलेल्या व्यक्ती यांना प्रायमाक्विन देता येत नाही, हेही औषध देणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार ठरवून दिलेला आहे, आणि तो सुरू करण्यातला विलंब जिवावर बेतू शकतो.

स्थानिक डास आणि स्थानिक पाणी असूनही ज्या गावात परजीवी उरलेला नाही, तेथे हिवताप पसरत नाही. म्हणून या दोन तालुक्यांत माणसांची ये-जा हा पाण्याइतकाच महत्त्वाचा विषय ठरतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. केडगाव, राहू या भागांतील गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून कामगार येतात. वीटभट्ट्या आणि औद्योगिक वसाहतींतील बांधकामांवर देशाच्या निरनिराळ्या भागांतील मजूर असतात, ज्यांतील काहींची गावे हिवतापाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत आहेत. या लोकांना रोगाचे कारण ठरवणे चुकीचे आहे आणि घातकही. कारण दोष लागण्याच्या भीतीने मजूर ताप लपवतो, आणि लपलेला ताप हाच प्रसाराचा सर्वांत सोपा मार्ग असतो. प्रत्यक्षात सर्वाधिक धोका त्यांनाच असतो : कोपीला फवारण्याजोगी भिंत नसते, निजणे उघड्यावर असते, घर कोणत्याही यादीत नसते आणि आरोग्य सेवकाच्या भेटीच्या वेळी सारे फडात असतात. अशा वस्तीवर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाणे, जागच्या जागी निदान करणारी रॅपिड टेस्टची पट्टी सोबत ठेवणे, टोळीच्या मुकादमाला आणि ठेकेदाराला नव्या माणसाच्या आगमनाची खबर देण्याची सवय लावणे, आणि कीटकनाशकभारित मच्छरदाण्या पुरवणे, ही कामे घराच्या फवारणीपेक्षा अधिक फलदायी ठरतात.

यातून या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा पुढे येतो. हिवताप नियंत्रण हे कागदोपत्री आरोग्य विभागाचे काम आहे. राज्याच्या हिवताप कार्यक्रमाचे सहसंचालक कार्यालय पुण्यातच आहे, जिल्ह्याला हिवताप अधिकारी असतो आणि दरवर्षी जूनमध्ये हिवताप प्रतिरोध महिना पाळला जातो. पण शिरूर-दौंडमध्ये डास ज्या पाण्यात वाढतो त्यातील फारच थोडे पाणी आरोग्य विभागाच्या ताब्यात आहे. आवर्तन जलसंपदा विभाग सोडतो, पोटचारी पाणीवापर संस्था व शेतकरी सांभाळतात, नळपाण्याचे वेळापत्रक ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद ठरवते, शेततळे कृषी विभागाच्या अनुदानातून होते, औद्योगिक वसाहतीतील टाक्या कारखान्याच्या असतात आणि अर्धवट बांधकामाच्या तळघरातील पाणी ठेकेदाराचे असते. चारीची गळती वेळेवर दुरुस्त झाली, आवर्तन संपताच तळाचे पाणी काढून दिले गेले, शेततळ्यात आणि बंद विहिरीत गप्पी मासे सोडले गेले आणि बांधकाम परवान्याबरोबर पाणी साचू न देण्याची अट खरोखर तपासली गेली, तर फवारणीची गरज मर्यादित ठिकाणी राहील. या विभागांनी ही कामे आपापल्या नेहमीच्या कामाचा भाग मानली पाहिजेत. आरोग्य सेवकाने दाखवलेले डबके बुजवण्याचा अधिकार त्याला स्वतःला नसतो, आणि ज्याला तो असतो त्याच्यापर्यंत त्याचा अहवाल अनेकदा पोहोचत नाही. नियंत्रणाची सर्वांत कच्ची कडी येथे आहे.

नव्या साधनांविषयी अवास्तव अपेक्षा बाळगू नये, हेही येथेच सांगणे इष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आरटीएस,एस आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आर-२१ या लशींची शिफारस केली. त्यांतील दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते, जिचे हडपसरचे आवार दौंडकडे जाणाऱ्या पुणे-सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यातच आहे. स्थानिक वाचकाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या लशी फाल्सिपेरमविरुद्ध आहेत आणि प्रामुख्याने आफ्रिकेतील लहान मुलांना मृत्यूपासून वाचवण्यासाठी आहेत. व्हायव्हॅक्सचा वाटा मोठा असलेल्या आणि संसर्ग विरळ झालेल्या भागात रक्ततपासणी, पूर्ण उपचार आणि पाण्याची व्यवस्था यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन साधण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे देशात एकही स्थानिक रुग्ण आढळता कामा नये, आणि एखादा रुग्ण स्थानिक आहे की बाहेरून आलेला, हे ठरवायला प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करावी लागते. २०२१ मध्ये हिवतापमुक्त ठरलेल्या चीनने यासाठी एक, तीन आणि सात दिवसांची शिस्त घालून घेतली होती : एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी आणि सात दिवसांत त्या जागेवरील उपाय. तालुक्यात वर्षाला मोजकेच रुग्ण सापडत असतील तर ही शिस्त आवाक्याबाहेरची नाही. किंबहुना रुग्ण मोजके असतानाच ती पाळता येते. त्यासाठी रुग्ण गेल्या महिन्याभरात कोठे राहिला, कोठे निजला, त्याच्या निवासापासून डासाच्या उड्डाणाच्या टप्प्यात, म्हणजे साधारण दोन-तीन किलोमीटरांत, कोणते पाणी आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावी लागतील.

हे विवेचन आरोग्य कर्मचाऱ्यांइतकेच ग्रामपंचायतींचे सदस्य, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी, कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी, शाळांतील विज्ञान शिक्षक आणि खासगी वैद्यकीय व्यावसायिक यांच्यासाठी आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाला हिवतापाचे सगळे शास्त्र येण्याची गरज नाही. आपल्या हाती कोणते पाणी किंवा कोणता रुग्ण आहे आणि त्याचे काय करायचे, एवढे नेमके कळले तरी पुरे. शिरूर व दौंड या तालुक्यांनी आपले यश केवळ कमी झालेल्या रुग्णसंख्येवर मोजू नये. रुग्ण सापडेनासे झाल्यावरही रक्त तपासण्याचे प्रमाण टिकले काय, सापडलेल्या प्रत्येकाने प्रायमाक्विनचा चौदावा दिवस गाठला काय, आणि दाखवून दिलेले डबके पुढच्या आवर्तनापूर्वी नाहीसे झाले काय, या तीन प्रश्नांना दरवर्षी होकारार्थी उत्तर देता आले, तरच येथील हिवताप आटोक्यात आहे असे म्हणता येईल.